अभ्र्यांवरच्या लाल खुणा

४ जानेवारी

छापखान्याला कुलूप लागून आज सात आठवडे झाले. तेवीस वर्षं मी मुद्रितं तपासली, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. आता दिवसभर घरात बसून स्वतःच्या शोधतो आणि त्या पुरेशा सापडतात. म्हणून ही वही.

आज ताईचा निरोप आला. मला नाही, बायकोजवळ. "त्याला म्हणावं, सोमवारपासून येत जा. काजं करायला माणूस हवंय."

मी म्हटलं, "वा! शेवटी बहिणीच्या पदरात पडलो. चार लोकांत सांगण्यासारखं आहे."

बायको कपडे वाळत घालत होती. तोंडातला चिमटा काढून म्हणाली, "तुमच्या ताईंनी आजवर कधी कुणाला मदतीला बोलावलंय? काहीतरी कारण असेल."

कारण उघड आहे. दया. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, तिला वाटलं असेल, हा घरात बसून कुजेल. दया नाकारण्याइतका मी सधन नाही आणि ती हसत घेण्याइतका मोठ्या मनाचाही नाही. जाईन.

७ जानेवारी

ताईची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. रस्त्याकडे दोन खिडक्या, दोन मशिनं, एक लांब टेबल. पडद्यामागे तिची खाट आणि शेगडी. ती एकटीच राहते. एक मशीन साधं. दुसरं हिरवं, जड, जुनं. त्यात वेगवेगळ्या नक्षीच्या चकत्या बसतात आणि चकती बदलली की टाका बदलतो. ताई अख्खे कपडे शिवत नाही. दुसरे शिंपी शिवलेले कपडे तिच्याकडे पाठवतात आणि ती त्यांना काजं, काठाला अर्धगोल नक्षीचे कंगोरे, झालरी करून देते. "मधलं काय, कोणीही शिवतं," ती म्हणाली. "शेवट करायला माझ्याकडे येतात."

मला पहिलं काम काय दिलं? दहा सुया ओवून बुचात खोचून ठेवायच्या. बटणं लावायला लागतात. हे रोज सकाळी, आल्याआल्या. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, पदवी घेतलेल्या माणसाने. मी ओवल्या. तिने बुचावरून बोट फिरवून मोजल्या आणि म्हणाली, "बरं झालं बाबा, आलास."

मग काज शिकवलं. आधी बटण मोजायचं, रुंदी अधिक जाडी. खडूने तेवढी रेघ. डावी बाजू दाट टाक्यांनी, टोकाला आडवा बांध, मग उजवी बाजू, पुन्हा बांध. शेवटी मध्ये पातं खुपसून चीर पाडायची.

"शिवलेलं उसवता येतं," ताई म्हणाली. "कापलेलं काज पुन्हा शिवता येत नाही. लोकांनी आठवडाभर खपून केलेला शर्ट तुझ्या एका खुपसणीत जातो. म्हणून आधी टोकाला टाचणी लावायची, पातं तिथे अडतं. आणि पुरुषांचं काज डाव्या पट्टीवर, बायकांचं उजव्या. चुकलास तर बटण लागेल, पण माणूस तो कपडा घालायचा नाही."

हे ती मला उद्देशून म्हणाली का? वाटत नाही. तिला ते माहीत असायचं कारण नाही.

११ जानेवारी

आज चोवीस काजं. एकही वेडंवाकडं नाही. ताईने प्रत्येकावरून अंगठा फिरवला आणि "हं" म्हणाली. बस, एवढंच.

तिचा स्वभाव तिखट झाला आहे. दुपारी विचारलं, "चहा घेणार?" मी मान हलवली. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा हलवली. तर म्हणाली, "तोंडात काय बोळा कोंबलाय? हो म्हण, नाही म्हण."

आणि नजरेला नजर देत नाही. बोलताना मान वळवून तिरकंच बघते, जसं लोक नको असलेल्या पाहुण्याकडे बघतात. बोलावलं हिनेच, आणि आता माझं येणंही सोसवत नाही? की मीच असा अर्थ काढतो? दोन्ही बाजू लिहून ठेवल्या.

१६ जानेवारी

ती गोष्ट आता लिहूनच टाकतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षी ताईने मला एक आकाशी शर्ट शिवून दिला होता. तेव्हा ती नुकतीच शिकत होती आणि शिकली होती ती बायकांच्या झग्यांवर. काजं उजव्या पट्टीवर पडली. वर्गात बाकावरच्या पोरांनी पाहिलं. "काय रे, बहिणीचा घालून आलास का?" दिवसभर चाललं. मी घरी येऊन शर्ट ट्रंकेच्या तळाशी ठेवला. ताई पुढे कधीतरी म्हणाली, "तो आकाशी घालत नाहीस?" मी म्हटलं, "जपून ठेवलाय."

मी तिला दुखवलं नाही, हे खरं. पण हा चांगुलपणा होता की आळस? अठ्ठावीस वर्षांनी कसं ठरवणार?

२२ जानेवारी

माझ्याकडे जुन्या मुद्रितांचे गठ्ठे होते, छापखाना बंद होताना उचलून आणलेले. आज ते ताईला दिले. पातळ कापडावर कंगोरे करताना खाली कागद धरावा लागतो, नाहीतर कापड चुण्या घेतं. नक्षी शिवून झाली की कागद फाडून टाकायचा आणि कंगोऱ्याच्या बाहेरचं कापड बारीक कात्रीने, टाक्याला न दुखवता, कापायचं. माझी तेवीस वर्षं आता अर्धगोलात फाटतात.

"या, शुद्धलेखन आले," हल्ली ती माझं असं स्वागत करते. पण मी दारात येऊन काही बोलल्यावर. आधी नाही.

कंगोरा शिकवताना ती मशीनकडे बघतही नव्हती. खिडकीकडे तोंड. "कान लाव. वळणावर आवाज जड होतो, मग सुटतो. सुटला की कापड फिरवायचं." मला आवाजात काही फरक कळला नाही. मी डोळ्यांनी शिकतो म्हटलं. ती म्हणाली, "शीक बाबा. ज्याला जे आहे त्याने ते वापरावं."

३० जानेवारी

मोठी बातमी. एका हॉटेलच्या बाई आल्या होत्या. तिथल्या चादरी, पडदे, अभ्रे सगळं त्या बघतात. पांढरे एकशे वीस अभ्रे, प्रत्येकाच्या तोंडाला कंगोऱ्याची कड आणि तीन काजं. तीन आठवड्यांत. काम आवडलं तर वर्षभर सगळं ताईकडेच.

बाई गेल्यावर ताई खाटेवर बसली आणि पहिल्यांदा मोकळं बोलली. खोलीचा करार मार्चअखेर संपतो. मालकाला जागा हवी आहे. हातात पक्कं वर्षाचं काम दाखवलं तर तो थांबेल, नाहीतर ही खोली गेली. म्हणजे तिचं काम आणि घर दोन्ही.

"होईल ना रे?" तिने विचारलं. मी मान हलवली, मग आठवण होऊन "हो" म्हटलं.

१ फेब्रुवारी

फळीवरच्या दोऱ्यांच्या रिळांना काही क्रमच नव्हता. पांढरं अगदी डाव्या टोकाला, मोतिया अगदी उजव्या टोकाला, मध्ये काळं, लाल, निळं कसंही. ताई दोन दिवस शिंप्यांकडे हिंडत होती, तेवढ्यात मी सगळं फिकटाकडून गडदाकडे लावलं. पांढरं, मोतिया, पिवळं, आणि तसंच पुढे. फळीकडे बघून बरं वाटतं. तिला सांगायचं राहिलं. दिसेलच.

५ फेब्रुवारी

आज ताईने केलेले चौदा अभ्रे तपासले. मला कुणी तपासायला सांगितलं नव्हतं, पण हात आपोआप जातो. सहांच्या कडा मोतिया दोऱ्याच्या. पांढऱ्या कापडावर मोतिया! दोहोंत कंगोऱ्यांची ओळ तिरकी गेलेली. एकात कापताना कात्री टाक्यात घुसली आहे; धुण्यात उसवणार.

मी शक्य तितक्या सौम्यपणे म्हटलं, "ताई, काठाकडे जरा नीट बघतेस ना?"

तिचा हात थांबला. मग म्हणाली, "तू काजं बघ. काठ माझा आहे. आणि गिऱ्हाईक काही तुझ्यासारखं नाक लावून बघत नाही."

नाक लावून! तेवीस वर्षं एका वाक्यात निकालात. इतकी वर्षं नाव कमावलेली बाई असा निष्काळजीपणा का करते, हे मला समजत नाही. कंटाळली असेल. किंवा आता फसवायला शिकली असेल. कंगोरा ही अशी वस्तू की खालची शिवण वाकडी गेली तरी झाकून घेते.

६ फेब्रुवारी

ठरवलं. बोलायचं नाही. छापखान्यातला नियम तोच होता: तपासणाऱ्याने अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्याशी वाद घालायचा नाही, समासात खूण करायची आणि कागद पुढे सरकवायचा. खुणेला राग नसतो. मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, मजकूर वाचायचा नाही, अक्षरं वाचायची. अर्थामध्ये गुंतलास की चूक निसटते.

लाल पेन्सिल बारीक टोक काढून घेतली. अभ्रा उलटा केला आणि प्रत्येक चुकीशेजारी आतल्या बाजूला लहानशी खूण. उसवायचं तिथे वर्तुळ. काही ठिकाणी शब्दही: "तिरके", "टाका तुटला", "दोरा बदला". मग गठ्ठा ताईच्या उजव्या हाताशी ठेवला.

९ फेब्रुवारी

एकही दुरुस्त केलं नाही. तिने तोच गठ्ठा उलटसुलट केला, घड्या घातल्या, अंगठा फिरवला, माझ्या खुणांवरूनही फिरवला, आणि झालेल्या मालात ठेवून दिला. माझ्यासमोर. चेहऱ्यावर काही नाही.

असा अपमान छापखान्यात कुणी केला नव्हता. तिथले जुळारी निदान शिव्या द्यायचे.

१२ फेब्रुवारी

आज आणखी नऊ खुणा. काही नाही.

१३ फेब्रुवारी

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग विचारा ना सरळ. तोंड आहे की नुसती पेन्सिल?"

मी म्हटलं, "तिने पाहिलंय. पाहून न पाहिल्यासारखं करते."

"पाहिलंय हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

बायकांना एकमेकींची बाजू घ्यायची सवय असते. पण हे वाक्य लिहिताना मला बरं वाटलं नाही, हेही नोंदवतो.

१५ फेब्रुवारी

हल्ली ताई रोज दुपारी मला वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावते. पूर्वी स्वतः वाचायची, आणि छपाईच्या चुका काढून मला चिडवायची. आज कारण विचारलं तर म्हणाली, "तुझा आवाज ऐकायला बरा वाटतो." दया, परत दया, वाचायचं एक कामही मला काढून दिलंय.

१८ फेब्रुवारी

एकशे वीस अभ्रे गेले. काजं तीनशे साठ, सगळी माझी, सगळी सरळ. माझ्या खुणा एकूण एक्केचाळीस होत्या, त्या निघाल्या की नाही हे शेवटी बघायचं लक्षात आलं नाही. सकाळी माल खाली इस्त्रीला नेला, इस्त्रीवाल्याशी दोन शब्द बोललो, आणि दुपारी हॉटेलची गाडी येऊन घेऊन गेली.

ताईने आज चहात जास्त साखर घातली. म्हणाली, "तू नसतास तर झालं नसतं रे."

२१ फेब्रुवारी

काही नाही. झोप नीट नाही.

२५ फेब्रुवारी

जे झालं ते क्रमाने लिहितो.

अकराच्या सुमारास हॉटेलच्या बाई आल्या. मागे माणसाच्या डोक्यावर गठ्ठा. त्यांनी एक अभ्रा काढला, उलटा केला आणि टेबलावर ताईसमोर पसरला.

"ताई, चुका होतात. माणसं आहोत," त्या म्हणाल्या. "पण चूक माहीत असून माल पाठवायचा? आणि वर खूण करून? आमच्याकडच्या मुली उशा भरताना वाचून हसत होत्या. टाका तुटला म्हणे. दोरा बदला म्हणे. ही थट्टा कोणाची?"

ताई म्हणाली, "कसल्या खुणा?"

बाईंनी बोट ठेवलं. "ह्या. आणि ही बघा. इस्त्री फिरल्यावर पक्क्या बसल्यात, धुऊनही जात नाहीत."

ताईने अभ्रा उचलला. बाईंनी दाखवलेल्या जागेवर अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग मान वळवून, तिरकं, अगदी खांद्याजवळ नेऊन धरला. त्या वेळी मला समजलं. तिच्या अंगठ्याला पेन्सिल कशी लागणार?

बाईंनाही समजलं असावं. त्यांचा आवाज उतरला. "लाल रंगात आहेत," त्या म्हणाल्या.

मी तोंड उघडायला हवं होतं. ताईने माझ्याआधी उघडलं.

"हो, माझ्याच आहेत," ती म्हणाली. "हा नवीन माणूस. ह्याला शिकवायला मी चुकीची जागा खूण करून ठेवत होते. ते अभ्रे बाजूला काढायचे राहिले. माझं चुकलं."

"ताई, मला वर उत्तर द्यावं लागतं."

"माहीत आहे. तुम्ही कशाला वाईट वाटून घेता?"

बाईंनी चाळीसेक अभ्रे ठेवले, बाकीचे नेले. वर्षाच्या कामाचं नाव कोणी काढलं नाही. जाताना त्या दारात थांबून म्हणाल्या, "काजं मात्र फार सुंदर आहेत." देवाशपथ, असंच म्हणाल्या.

ताईने दार लावलं आणि खाटेवर बसली. "वाच," म्हणाली.

"काय?"

"काय लिहिलंयस ते. सगळं. तू वाचतोस छान."

मी एकेक अभ्रा घेऊन वाचलं. तिरके. तिरके. टाका तुटला. दोरा बदला. कात्री लागली. तिरके. ती मान हलवत ऐकत होती, जणू कुणी निकाल वाचतंय. मोतिया दोऱ्याचं आलं तेव्हा म्हणाली, "पांढरं तर मी डाव्या टोकाचंच घेतलं होतं. वापरून परत ठेवताना मागेपुढे झालं असेल. पूर्वी चुकूच शकत नव्हतं, एक ह्या टोकाला, एक त्या टोकाला." मग, "फळी तू लावलीस?"

"हो."

"छान दिसत असेल."

तिने सांगितलं ते असं. गेल्या दीड वर्षापासून मधलं जात चाललं आहे. सुईचं टोक, अक्षर, माणसाचा चेहरा, जिथे बघावं तिथे धुरकट डाग. कडेकडेचं दिसतं, म्हणून तिरकं बघायचं. डॉक्टर म्हणाले, कडेचं राहील. "म्हणून तर तुला बोलावलं," ती म्हणाली. "काजाला मधलं लागतं. काठ मी आवाजावर मारून नेत होते. सांगणार होते रे तुला. वाटलं, एवढी ऑर्डर होऊ दे, खोली राहू दे, मग सांगू. नाहीतर म्हणशील, आंधळीने भावाला राबायला नेलं."

मी म्हटलं, "मला वाटलं तू खुणा पाहिल्यास."

"तेच ना," ती म्हणाली. "तुला वाटलं मला दिसतंय. तुझा काय दोष?"

चुका सगळ्या बरोबर काढल्या होत्यास, असंही म्हणाली. फक्त दाखवल्या त्यांना, मला नाही.

२६ फेब्रुवारी

ही वही आज पहिल्यापासून वाचली. सगळं इथे आहे. बुचावरून फिरणारं बोट, मान हलवल्यावरचा बोळा, तिरकी नजर, वर्तमानपत्र, फळी. माझ्याच अक्षरात, एकही शुद्धलेखनाची चूक नाही.

आणि एक चूक आहे. १८ तारखेच्या नोंदीत लिहिलं आहे, "लक्षात आलं नाही." ते खोडतो. लक्षात होतं. इस्त्रीवाल्याशी जे "दोन शब्द" बोललो ते हे. त्याने एक अभ्रा उलटा करून विचारलं, "साहेब, ह्या लाल रेघा राहू द्यायच्या? एकदा गरम इस्त्री फिरली की निघायच्या नाहीत." मी म्हटलं, "राहू द्या. ताईंना माहीत आहे."

मला त्या वेळी खात्री होती का, की तिला माहीत आहे? हो. तरी मी जिना चढून विचारलं का नाही? कारण मला वाटत होतं की हॉटेलात कुणीतरी ते पाहावं. नाक लावून बघणारा बरोबर होता, हे तिला तिसऱ्याकडून कळावं. माल परत येईल असं वाटलं नव्हतं. थोडी नाचक्की, एवढंच हवं होतं. खोली जावी असं नव्हतं हवं. पण मोजून तेवढीच नाचक्की कुठे मिळते?

आता तिने दिलेली माफी माझ्याकडे आहे, आणि ती मी खोट्यावर घेतली आहे.

१ मार्च

सांगितलं. इस्त्रीवाल्याचं, सगळं. उभ्यानेच.

ताई नक्षीच्या चकत्या पुसत होती. मग म्हणाली, "तो आकाशी शर्ट आठवतो?"

मी "हो" म्हटलं.

"उलटी काजं केली होती मी. दुसऱ्याच वर्षी एका शिंप्याने असाच माझा एक शर्ट माझ्या अंगावर फेकला तेव्हा कळलं. म्हटलं, हा बोलला कसा नाही? पट्टी बदलून दिली असती. एका दुपारचं काम. तू म्हणालास, जपून ठेवलाय." चकती पेटीत ठेवली. "तू लहानपणापासून असाच. चूक दिसली की गप्प बसायचं, आणि दुसरं कोणी ती पकडेल याची वाट बघायची. मग म्हणायचं, मला तर आधीच दिसलं होतं."

"तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"असेल. मला काय वाटलं असतं ते मला वाटू दिलं असतंस तर बरं झालं असतं." मग, "कुठे आहे तो?"

खोटं बोलायची ताकद नव्हती. "छापखान्यात नेला होता. शाई पुसायला."

ती हसली. खरंच हसली. म्हणाली, "चला, कामाला आला."

मी निघताना तिने सांगितलं की उद्यापासून येऊ नकोस.

३१ मार्च

खोली रिकामी झाली. ताई मावशीकडे गेली, तिच्या मागच्या खोलीत. बायकोने आणि मी आमच्याकडे चल म्हणून सांगून पाहिलं. बायकोला "बघू गं" म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही. आता तिने बघितलं नाही म्हणजे काय, हेही मला ठरवता येत नाही.

साधं मशीन तिने नेलं. हिरवं माझ्या दारात उतरवून दिलं. हमालाबरोबर निरोप: "तुला दिसतं. तू कर."

१३ एप्रिल

दोन शिंप्यांनी काजं पाठवली. ती करतो. कंगोरे अजून जमत नाहीत. खिडकीकडे तोंड करून कान लावून पाहिलं. आवाज एकसारखाच येतो. कापड फिरवायला एक तर लवकर होतं, नाहीतर उशीर.

ताई तिकडे जाड गोधड्या शिवते, हाताने, अंदाजाने. मावशी म्हणाली, सुई ओवायला शेजारच्यांना हाक मारते. मी दहा सुया ओवून बुचात खोचल्या आणि रविवारी बायकोबरोबर पाठवल्या. संध्याकाळी बूच परत आलं. दहाच्या दहा, दोरे जसेच्या तसे.

२० एप्रिल

पुन्हा पाठवल्या. पुन्हा तशाच.

बायको म्हणाली, "किती दिवस पाठवणार?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

"तुम्ही स्वतः घेऊन का जात नाही?"

ह्यालाही उत्तर माहीत नाही. किंवा माहीत आहे आणि लिहीत नाही.

२७ एप्रिल

बूच परत आलं. आठ तशाच. दोन रिकाम्या.

मी बायकोला विचारलं, काही म्हणाली का? बायको चपला काढत होती. "म्हणाल्या, त्याला सांग, दोरा फार लांब ठेवतो. गुंता होतो. वीतभर पुरे."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

टेबलाशी बसलो. सगळे जुने दोरे काढले आणि नवे वीत लावून कापले. सात सुया ओवून झाल्यावर लक्षात आलं की वीत माझी धरली होती. तिचा हात लहान आहे. सातही काढल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून ओवायला घेतल्या.